नाव कुणी ठेवलं?

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात दोन माणसांची नावं आहेत आणि त्यांच्यामध्ये जवळपास दोन हजार वर्षांचं अंतर आहे. दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख कोरला आहे. वासिठीचा मुलगा कटहादी याने लेण्याचं हे ‘घरमुख’ दान दिलं, एवढंच तो सांगतो. तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा मानतात. आत एका खांबावर, रंगवलेल्या चित्रावर ओरखडून, दुसरं नाव लिहिलं आहे: जॉन स्मिथ, २८ वं घोडदळ, २८ एप्रिल १८१९. शिकारीला निघालेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या घळीत लेणी दिसली. त्या वेळी आत दगडमातीचा थर साचला होता आणि तो त्यावर उभा होता. म्हणून त्याची सही आज आपल्या डोक्याच्या वर दिसते.

नावांचा अभ्यास करणाऱ्याला या एका लेण्यात पुष्कळ सापडतं. पहिल्या नावात माणसाची ओळख आईकडून आली आहे, बापाचा उल्लेखच नाही. दुसऱ्यात धंद्याचं नाव आडनाव होऊन बसलं आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अशी दगडावर कोरलेली, सनदांमध्ये लिहिलेली, शाळेच्या रजिस्टरात बदललेली नावं इतकी आहेत, की जगभरातल्या बहुतेक नामपद्धतींचा नमुना इथे मिळतो. ती पाहताना माझं एक मत पक्कं होत गेलं. नावाचा अर्थ केवळ कोशात शोधून पुरत नाही. ते कुणी ठेवलं आणि कुणी लिहून घेतलं, हेही विचारावं लागतं.

जॉन स्मिथपासूनच सुरुवात करू. जॉन हे मुळात इंग्रजी नावच नाही. ते हिब्रू ‘योहानान’, म्हणजे देवाने कृपा केली. मराठी बायबलमध्ये तेच योहान, अरबीत यह्या, स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत इयान. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर एथेलरेड, वुल्फस्टन अशी जुनी नावं शे-दीडशे वर्षांत बरीचशी मागे पडली आणि विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, जॉन यांनी गावं भरून गेली. एका खेड्यात दहा जॉन झाले, तर कर घेणाऱ्याने ओळखायचं कसं? मग लोहाराचा जॉन तो स्मिथ, टेकडीवरचा तो हिल, रिचर्डचा मुलगा तो रिचर्डसन, तांबड्या केसांचा तो रीड. १३७७ ते १३८१ या काळातल्या डोईपट्टीच्या याद्यांमध्ये ही जोडनावं ठरत जाताना दिसतात. आडनाव माणसाला हवं होतं त्यापेक्षा कारकुनाला जास्त हवं होतं.

आपल्याकडे धंदा नावाला जोडण्याची चाल त्याहून फार जुनी आहे. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत यक्षाची एक मूर्ती सापडली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कोरलं आहे, की ही कान्हदास सोनाराने केली. कृष्णाचं ‘कान्ह’ हे मराठीला आजही जवळचं वाटणारं रूप त्या वेळी या डोंगरात एका कारागिराच्या नावात होतं. त्याच लेण्यांत पैठणच्या गंधिक घराण्यातल्या मितदेवाचं नाव आहे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं. राजवैद्य मगिल, त्याचा मुलगा आणि दत्ता नावाची त्याची मुलगी, यांची दानंही तिथेच नोंदली आहेत. मुलीने स्वतःच्या नावावर दान द्यावं आणि ते दगडात राहावं, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र सोनार, गंधिक, वैद्य ही इथे त्या त्या माणसाची आणि कुळाची ओळख होती. इंग्लंडमध्ये स्मिथचा मुलगा शिंपी झाला तरी स्मिथच राहिला, तसं स्थिर आडनाव आपल्याकडे व्हायला पुढे पुष्कळ काळ जावा लागला.

आता आईच्या नावाकडे. पैठण ही सातवाहनांची राजधानी, आणि गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही त्यांच्या राजांची नावं शाळकरी मुलालाही माहीत असतात. त्यांवरून त्या काळी मातृसत्ता होती असं हौसेने सांगितलं जातं. मला ते पटत नाही. गौतमी म्हणजे गौतम गोत्रातली, वासिष्ठी म्हणजे वसिष्ठ गोत्रातली. ही आईची स्वतःची नावं नव्हेत, तिच्या माहेरची गोत्रनामं आहेत. गौतमीपुत्राच्या आईचं स्वतःचं नाव बलश्री होतं, आणि ते आपल्याला नाशिकच्या लेण्यातल्या तिच्याच दानलेखामुळे कळतं. राजाला अनेक राण्या असत, तेव्हा कोणत्या राणीचा मुलगा हे सांगण्यासाठी ही पद्धत सोयीची होती. राज्य बापाकडून मुलाकडेच जात होतं. पण ही रीत राजघराण्यापुरती नव्हती. अजिंठ्याचा कटहादी, पितळखोऱ्याचा वात्सीपुत्र मगिल हे राजे नव्हते. आईच्या माहेराला नावात उघड जागा होती, एवढं त्यातून निश्चित म्हणता येतं, आणि तेही लहान नाही.

अजिंठा-वेरूळचा अभ्यास जगासमोर मांडणारे दोन मोठे लेखक स्कॉटिश होते. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा भारतातल्या लेण्यांवरचा ग्रंथ १८८० मध्ये निघाला. (पुण्याचं महाविद्यालय ज्यांच्या नावाचं आहे ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन वेगळे, तेही स्कॉटिशच.) जेम्स म्हणजे याकोब, आपल्याकडचा याकूब. बर्जेस म्हणजे नगराचे हक्क असलेला नागरिक. फर्ग्युसन म्हणजे फर्गसचा मुलगा, आणि फर्गस हे जुनं गेलिक नाव ‘पुरुष’ व ‘जोम’ या दोन शब्दांचं. त्यातला ‘फेर’ हा आपल्या ‘वीर’ शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे. दोन्ही एकाच प्राचीन मुळातून निघाले.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली कुळं समजून घेतली की आपली कुळंही नीट दिसू लागतात. तिथे ‘मॅक’ म्हणजे मुलगा. पण मॅकडोनाल्ड म्हणवणारे सगळे एका डोनाल्डचे वंशज नव्हेत. सरदाराच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या आश्रयाला आलेले लोकही त्याचं कुळनाव लावत. आपल्याकडे जाधव, पवार, गायकवाड, मोरे, शिंदे ही आडनावं मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, बौद्धांत आहेत, आणि कन्नड-सोयगावच्या तांड्यांवर पवार, जाधव, चव्हाण, राठोड आहेत. आडनावावरून जात ओळखण्याचा खटाटोप करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जाधव हे यादवच, शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणं प्राकृतात नेहमीचं. सिंदखेडचे जाधवराव, म्हणजे जिजाऊंचं माहेर, देवगिरीच्या यादवांशी आपलं नातं सांगत. १३१८ च्या सुमाराला यादवांचं राज्य पूर्ण संपलं, त्यांचं नाव मात्र शेकडो गावांत उरलं.

नावावर राज्यसत्तेचा हात किती जड पडू शकतो, याचं सर्वांत कठोर उदाहरणही स्कॉटलंडचंच आहे. राजा जेम्स सहाव्याने १६०३ मध्ये मॅकग्रेगर हे नावच बेकायदा ठरवलं. ते लावणाऱ्याला मृत्युदंड होता. लोकांनी मरे, ड्रमंड, कॅम्पबेल अशी दुसरी नावं घेतली आणि पोटात जुनं जपलं. बंदी मध्ये उठली, पुन्हा आली, आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये.

आपल्याकडे सत्तेने नावं पुसण्यापेक्षा दिली जास्त. बहमनी, निजामशाही, मोगल आणि पुढे हैदराबादचा निजाम, या सगळ्यांचा दरबार फारसीत चालला. त्या दप्तरातून मराठी घरांना आडनावं मिळाली. फर्द म्हणजे यादी, ती लिहिणारा फडणवीस. चिठ्ठी लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस, जमाखर्च पाहणारा मुजुमदार. इनामदार, जहागीरदार, मिरासदार ही तर सरळच. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही वतनं जुनी, पण तीही आडनावं झाली ती वतन वंशपरंपरेने टिकल्यामुळे. स्कॉटलंडचं स्टुअर्ट राजघराणंही असंच नावारूपाला आलं, राजवाड्याच्या कारभाऱ्याचं पद पिढ्यानुपिढ्या एका घरात राहिलं आणि तेच आडनाव झालं. मराठवाड्यात देशमुख, पटेल, इनामदार ही आडनावं मुसलमान घरांतही सहज भेटतात. वतन होतं, धर्माचा प्रश्न नव्हता.

पाळण्यातली नावंही बदलली. वेरूळच्या मालोजी भोसल्यांच्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला केलेल्या नवसाने मुलं झाली म्हणून ही नावं ठेवली, अशी परंपरा आहे. हैबतराव, सुलतानजी, पिराजी, दौलतराव, फकीरराव, साहेबराव ही सगळी त्याच वाटेने आली आणि त्यांना ‘जी’ आणि ‘राव’ जोडून ती आपली झाली. इंग्लंडमध्ये विल्यमने जुनी नावं बरीचशी हटवली. इथे विठ्ठल, खंडू, एकनाथ हटले नाहीत, शहाजी त्यांच्या शेजारी येऊन बसला.

ज्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, त्या मलिक अंबरचं नाव मात्र वेगळ्या वेदनेचं आहे. तो हबशी, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याचं जन्मनाव चापू होतं असं सांगतात. अंबर हे नाव मालकाने दिलेलं, अंबर म्हणजे समुद्रात सापडणारं मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना याकूत, म्हणजे माणिक, मरजान, म्हणजे पोवळं, अशी चैनीच्या वस्तूंची नावं देण्याची रीत होती. माणूसही खरेदीची वस्तू होता, हे नावातच लिहिलेलं. त्या नावाने त्याने निजामशाही सावरली, मोगलांना पंचवीसेक वर्षं झुंजवलं, आणि खुलताबादला त्याची कबर आहे.

गावावरून नाव ही जगातली बहुधा सर्वांत पसरलेली चाल. पैठणकर, कुरुंदकर, खेडगीकर हे आपले. नांदेड आणि चंद्रपूरकडे मुनगंटीवार, कोटगीरवार असे ‘वार’ येतात, तो तेलुगूचा शेजार. उर्दूत तेच काम ‘ई’ करतो. अठराव्या शतकातले सूफी कवी सिराज औरंगाबादी याच शहरात राहिले आणि १७६३ मध्ये इथेच गेले. सिराज, म्हणजे दिवा, हे त्यांनी घेतलेलं कविनाम. शहराचं नाव खडकी होतं, फतेहनगर झालं, औरंगाबाद झालं आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. कवीच्या नावात मात्र औरंगाबाद राहणारच, जसं जुन्या ग्रंथांत पैठणचं ‘प्रतिष्ठान’ हे नाव राहिलं.

गावाला, बापाला, धंद्याला न जोडता नाव ठेवण्याची एक वाट संतांनी दाखवली. महानुभावांच्या लीळाचरित्रात बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा अशा बायका भेटतात. ‘इसा’ हा आदराचा प्रत्यय. त्यांच्यामागे नवऱ्याचं नाव लागत नाही, त्या चक्रधरस्वामींच्या शिष्या म्हणून ओळखल्या जातात. पैठणच्या एकनाथांनी आपल्या अभंगांच्या अखेरीस देवगिरीच्या जनार्दनस्वामींशी स्वतःचं नाव बांधलं, म्हणजे बापाच्या जागी गुरू आला. आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते व्यंकटेश खेडगीकर संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, तेव्हा गाव आणि घर दोन्ही नावातून गळालं.

सामान्य माणसाच्या घरात नावामागे भक्तीइतकीच भीती होती. एकामागून एक मुलं दगावायची. मग पुढच्याचं नाव असं ठेवायचं की काळाला त्याचा मोह होऊ नये. दगडू, धोंडू, भिका, केरू, कचरू, उकिर्डा. आमच्या भागात विशेष भेटतात ते कडूबा आणि सांडू: एक चवीला कडू, म्हणून मृत्यूने तोंड लावू नये, दुसरा सांडलेला, टाकून दिलेला, म्हणून कुणी मागे लागू नये. सिल्लोड, फुलंब्री, भोकरदनच्या जुन्या मतदारयाद्यांत ही नावं ओळीने दिसत. भीमगीतांच्या गायिका कडूबाई खरात यांच्या नावातही तीच परंपरा आहे. चीनमध्ये मुलाला ‘कुत्र्याने उरवलेला’ म्हणत, रशियात नेक्रास, म्हणजे कुरूप, म्हणत आणि त्यावरून नेक्रासोव्ह आडनाव झालं. लस आणि दवाखाना आला तशी ही नावं थांबली. ती आता उरली आहेत मधल्या नावांत. सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडचे कवी ना. धों. महानोर म्हणजे नामदेव धोंडो महानोर. त्या ‘धों’मध्ये एका आजी-आजोबांची धास्ती आणि माया साठवलेली असावी.

अशा नावांना गावंढळ म्हणून हसणाऱ्यांची मला चीड येते. पण त्याच जातकुळीतलं वाटणारं ‘नकुशी’ हे नाव मी त्यांच्यात बसवणार नाही. दगडू हा हवा असतो म्हणून दगडू असतो. नकुशी खरोखरच नको असते. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली, त्यांतल्या अनेकींनी स्वतः निवडलेली. सरकारी उपक्रमांपैकी इतका थेट माणसाच्या आत पोचणारा दुसरा मला चटकन आठवत नाही.

नावाला लागणारा प्रत्यय जातीची पायरी दाखवी. त्याच सोन्याचा कुठे सोनाजीराव, कुठे सोनोपंत, कुठे सोनबा, आणि महारवाड्यात सोननाक. भीमा कोरेगावच्या स्तंभावर महार सैनिकांची ‘नाक’ प्रत्ययाची नावं कोरलेली आहेत. त्यात पराक्रमाची नोंद आहे आणि जातीचीही. डॉ. बाबासाहेबांच्या घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ. आंबडवे या गावावरून वडिलांनी आंबडवेकर लावलं आणि शाळेत त्याचं आंबेडकर झालं. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरात महाविद्यालय सुरू केलं. ते मिलिंद महाविद्यालय, आणि त्याचा परिसर नागसेनवन. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद, आणि प्रश्न विचारता येणं हेच शिक्षण, अशी ही निवड मला वाटते. ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा आले. एका पिढीत हजारो कुटुंबांनी आपली नावं स्वतःच्या हातात घेतली, आणि कुणाच्या हुकुमाशिवाय. मराठवाड्यातल्या नावांच्या इतिहासात यापेक्षा मोठी घटना नाही.

मिलिंद हा मुळात ग्रीक राजा मेनान्द्रोस. त्यातल्या ‘अँड्र’चा अर्थ पुरुष, आणि तो आपल्या ‘नर’ या शब्दाचा नातेवाईक. अलेक्झांड्रोसमध्येही तोच आहे. ते नाव फारसीतून सिकंदर झालं आणि वैजापूरला १९१४ मध्ये जन्मलेले कवी सिकंदर अली वज्द यांच्याकडे पोचलं, तर स्कॉटलंडमध्ये अ‍ॅलस्टर झालं. स्कॉटलंडचा संत अँड्र्यूही त्याच मुळाचा. नागसेनवनातला मिलिंद, वैजापूरचा सिकंदर आणि एडिंबरोचा अ‍ॅलस्टर ही तीन नावं एका जुन्या शब्दाची तीन घरं आहेत.

धर्म बदलला की नाव बदलायलाच हवं असंही नाही. जालना १९८१ पर्यंत याच जिल्ह्यात होतं. तिथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम उभं केलं ते रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झाले, तरी नारायण शेषाद्रीच राहिले. गाव वसवलं त्याला मात्र बेथेल हे हिब्रू नाव दिलं. तसेच ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांच्या मुलाचं नाव देवदत्त, आणि मॅथ्यू या नावाचा अर्थही ‘देवाने दिलेला’ असाच.

आजच्या पाळण्यात रेयांश, कियान, विहान, शौर्य आहेत. कियान फारसी आहे. रेयांशचे जे अर्थ सांगितले जातात ते कुठल्या जुन्या संस्कृत कोशात सापडणं कठीण. आईबापांना नाद हवा आहे, वेगळेपण हवं आहे, यात गैर काही नाही. फक्त आत्या बारशाला कानात ‘कुर्र’ करून जे नाव सांगते, त्याचा अर्थ तिला विचारला तर सांगता यावा, एवढी माझी इच्छा आहे.

सगळ्यांत अस्थिर नाव राहिलं ते बाईचं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीने तिचं नवं नाव लिहितो, आणि पाळण्यातलं नाव माहेरच्या बायकांच्या तोंडी तेवढं उरतं. अजिंठा गावात एक कबर आहे. लेण्यातल्या चित्रांच्या प्रतिकृती काढायला १८४४ मध्ये आलेल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने ती १८५६ मध्ये आपल्या प्रिय पारोसाठी बांधली. बाप नाही, नवरा नाही, गाव नाही, फक्त पारो. चित्रपटांनी तिच्याभोवती कथा रचल्या. मला ती ज्या एका नावावर उभी आहे तेच पुरेसं वाटतं.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. अनेकांनी गौतमीपुत्राची आठवण काढली. पण फरक मोठा आहे. तिथे आईच्या माहेरचं गोत्र होतं, इथे तिचं स्वतःचं नाव आहे, बलश्रीला मुलाच्या नावात जे मिळालं नव्हतं ते. विवाहित स्त्रीच्या स्वतःच्या नावाबाबत मात्र त्या निर्णयाने जुनी रीत चालू ठेवली: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मालमत्तेच्या दस्तऐवजात लग्नाआधीच्या नावाने नोंद करण्याची मुभा तिला दिली आहे. तलाठी कार्यालयात ती मुभा किती जणी मागतात आणि किती जणींना विनासायास मिळते, ते आता गावोगावी जाऊन पाहायला हवं.